तुमच्या वाटचा विश्वास सध्या दुसऱ्यांना उचलू द्या

पत्र

ताई, सलाम. मी मिरजेत राहते, एका लॅबमध्ये नोकरी करते. माझे मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि पाच महिन्यांत ते गेले. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आजारपणात घरी उपास-प्रार्थना झाल्या. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘आजार गेला, आता साक्षीची तयारी करा,’ म्हणजे देवानं बरं केलं हे चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायची. मिस्टर गेल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एक बाई म्हणाल्या, ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.’ तेव्हापासून माझी प्रार्थना बंद झाली आहे. ओठ हलतात, आत काही नसतं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वादाच्या आधी उठून येते. सासूबाई पहाटे गीतं म्हणतात, मला ती ऐकवत नाहीत. बारावीतली मुलगी विचारते, ‘पप्पांसाठी एवढी प्रार्थना केली, मग देव कुठे होता?’ मला उत्तर सुचत नाही. जेवण जात नाही. रात्री तीनला जाग येते, मग झोप नाही. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. वर्षाच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं आहे. काय बोलू? खोटं बोलवत नाही.

— एक बहीण, मिरज

उत्तर

माझ्या बहिणी, सलाम.

पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. सकाळ झालीच नाही तर बरं. मी तिथूनच सुरुवात करते, साक्षीचं नंतर बघू.

हा विचार नुसता येतो आणि जातो, की त्याच्यापुढे ‘कसं’ आणि ‘कधी’ हेही यायला लागलंय? यायला लागलं असेल तर पुढचं वाचू नका. घरात जे कोणी मोठं माणूस आहे त्याला आत्ता सांगा, आणि 14416 हा नंबर लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. रात्री तीनलाही फोन उचलतात, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार नुसता येऊन जात असेल, तरी या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंच. झोप मोडणं, अन्न न जाणं, आत सगळं रिकामं वाटणं आणि हे वर्षभर टिकणं, हे डॉक्टरांना दाखवण्यासारखं दुखणं आहे. सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची सोय आहे, केसपेपर काढून जाता येतं. तुम्ही लॅबमध्ये काम करता, त्यामुळे ओळखीचं कोणी पाहील ही धास्ती वाटेल. तसं असेल तर सांगलीला जा, कोल्हापूरला जा, पण जा.

आपल्या मंडळ्यांमध्ये अजून एक समज आहे, की मनाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे देवावरचा भरवसा उडाला. मिरजेत राहणाऱ्या माणसानं तरी हे ऐकून घेऊ नये. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस मिशनरी म्हणून इकडे आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत दवाखाना सुरू केला. तिथूनच हे गाव वैद्यकीसाठी लांबलांबच्या लोकांना ठाऊक झालं. सुवार्ता आणि शस्त्रक्रिया ही दोन्ही कामं एकाच देवाची आहेत असं मानणारी ती माणसं होती. तुमच्या गावात चर्चच्या आणि दवाखान्याच्या भिंती शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन चालतं आणि झोपेसाठी, उदासीसाठी औषध घेतलं की विश्वास डळमळला, हे कुठलं शास्त्र?

एलीया संदेष्ट्याचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल, 1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस दुसऱ्याच क्षणी जीव वाचवत रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. तुमचं वाक्य आणि त्याचं वाक्य यांत फार अंतर नाही. देव त्याला काय करतो? रागावत नाही. विश्वास कुठे गेला असंही विचारत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई समोर ठेवतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, कारण वाट लांबची आहे. देवाचं बोलणं त्याच्या कितीतरी नंतर आहे. म्हणून झोप आणि चार घास ही तुमची पहिली दोन कामं, आणि ती देवाच्या नावानंच करायची आहेत.

आता त्या बाईंचं वाक्य.

मी ते दोनदा वाचलं आणि मला राग आला. तो लपवून मी गोड उत्तर लिहिणार नाही. ‘विश्वास कमी पडला असेल’ हे दुखवट्याच्या घरात म्हणण्यासारखं वाक्य नाही, आणि ते ख्रिस्ताचंही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू सांगतो, यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. दोष कुणाचा हे शोधायची सवय तेव्हाही धार्मिक माणसांनाच होती. संत पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं ती बाई म्हणेल का? आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी प्रार्थना केली. प्याला दूर झाला नाही. आपण ज्याच्या नावानं प्रार्थना संपवतो, त्याच्या स्वतःच्या प्रार्थनेला मागितलेलं उत्तर मिळालं नाही. हे ज्या विश्वासाच्या मध्यभागी आहे, तिथे आजारी माणूस गेला म्हणून त्याच्या बायकोला हिशेब मागता येत नाही.

त्या प्रचारकांबद्दलही स्पष्ट लिहिते. प्रार्थना करणं, तेल लावणं, हात ठेवणं हे आपल्या मंडळीचं जुनं आणि चांगलं काम आहे. याकोबाच्या पत्रात तसं सांगितलेलं आहे. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण ‘आजार गेला’ असं देवाच्या वतीनं जाहीर करून पुढच्या गावाला निघून जाणं, आणि मागे राहिलेल्या बाईनं ते निस्तरत बसणं, हा अन्याय आहे. तुमच्यावर तो झाला. देवाशी भांडायच्या आधी देव आणि तो प्रचारक हे दोन वेगळे करून ठेवा. तुम्हाला दिलेला शब्द मोडला तो त्या माणसाचा होता.

देवाशी भांडायचं मात्र असेल तर जरूर भांडा. तुम्ही लिहिता, प्रार्थना बंद झाली. मला वाटतं, तुम्हाला लहानपणापासून शिकवलेली एकच प्रार्थना बंद झाली आहे, उपकारस्तुतीची. बायबलात दुसरी एक आहे आणि ती आपण चर्चमध्ये फारशी वाचत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र ‘कोठवर?’ या प्रश्नानं उघडतं. मला कायमचं विसरलास का, असं देवाला तोंडावर विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत वर येतच नाही. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी एखाद्या स्तुतीच्या ओळीवर येतात, हे अंधारातच थांबतं. ज्यांनी शास्त्र एकत्र केलं त्यांनी ते वगळलं नाही, शेवटी चांगली ओळ जोडली नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची ओळ आली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तुमच्या मुलीचा प्रश्न हाच आहे. ती देवापासून लांब गेलेली नाही, वधस्तंभाच्या अगदी जवळ उभी राहून बोलते आहे.

आणि तेही जमत नसेल, ओठच हलत असतील, तर काय?

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती आठवा. कफर्णहूमात येशू एका घरात आहे, दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघं जण एका माणसाला बाजेवर घालून आणतात, छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. तो माणूस या सगळ्यात एक शब्दही बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, मार्क सांगत नाही. मार्क लिहितो की येशूनं ‘त्यांचा विश्वास’ पाहिला आणि मग त्या माणसाशी बोलला. त्या चौघांचा.

बहिणी, हे एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे आणि बाकीचं पत्र त्याच्यासाठी आहे. विश्वास ही तुमची एकटीची जमा-शिल्लक नाही, की वर्षभर काही भरलं नाही म्हणून खातं बंद पडलं. तो मंडळीचा आहे. ऑगस्ट 2019 चा महापूर तुम्ही पाहिलाय. बोटीत घेताना कुणाला पोहता येतं का, असं विचारलं होतं का? बसायचं होतं, काठापर्यंत नेणारे दुसरे होते. सध्या तुम्ही बसा. प्रार्थनेची, गाण्याची, आशा धरण्याची पाळी दुसऱ्यांची आहे.

पण बाज उचलायला माणसं लागतात, आणि ती आपोआप येत नाहीत. तुम्ही शेवटच्या बाकावर बसून लवकर उठता, तेव्हा मंडळीला वाटतं, बाईला एकटं राहायचंय. म्हणून नावं ठरवा. ज्यांनी वाक्य टाकलं त्या बाई यात नकोत, त्यांना क्षमा करण्याची घाईही नको. महिला मंडळातली एखादी कमी बोलणारी बाई असेल. लॅबमधली मैत्रीण असेल, ती ख्रिस्ती असायलाच हवी असं नाही. कफर्णहूमातल्या त्या चौघांचा धर्मसिद्धांत कुणी तपासला नव्हता. एकीला सांगा, माझ्याबरोबर दवाखान्यात ये. दुसरीला सांगा, आठवड्यातून एकदा संध्याकाळी घरी येऊन जेव, म्हणजे मीही जेवेन. गेथशेमानेत येशूनं स्वतः मित्रांना सांगितलं होतं, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे थांबा, जागे राहा. त्यानं सोबत मागितली. ते झोपले ही गोष्ट वेगळी, पण मागताना त्याला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

या माणसांत पहिलं नाव तुमच्या सासूबाईंचं आहे असं मला वाटतं, आणि हे लिहिताना मी जरा थांबले, कारण त्यांच्या गीतांचाच तुम्हाला त्रास होतो. पण त्यांचा मुलगा गेलाय. पहाटे अंथरुणात पडून राहवत नाही म्हणून त्या उठत असतील, आणि येणारी एकच गोष्ट करत असतील. तुम्हाला ते समाधान वाटतं. मला त्यात तुमच्यासारखंच जागरण दिसतं. तीनला जाग येते तेव्हा कधीतरी त्यांच्याजवळ जाऊन बसा. गायचं नाही. चहा टाका. त्यांना विचारा, ‘आई, तुम्हाला कसं जमतं?’ कदाचित त्या म्हणतील, जमत नाही. एकाच घरात दोन बायका एकाच माणसासाठी वेगवेगळ्या खोल्यांत जागतात, याचं मला फार वाईट वाटलं.

मुलीला उत्तर देऊ नका. ‘देवाची योजना’, ‘देवाला चांगली माणसं हवी असतात’ ही उत्तरं तर मुळीच नकोत. सतरा वर्षांची मुलगी अशा वाक्यामागची भीती लगेच ओळखते. तिला म्हणा, ‘मलाही कळत नाही, मीही त्याला हेच विचारते.’ आई आपल्याच बाजूला आहे हे तिला कळलं पाहिजे. लाजर या वारलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला, पुढच्या काही क्षणांत त्याला उठवणार होता तरी रडला, हे तिला कधीतरी वाचून दाखवा, पण उत्तर म्हणून नव्हे. बारावीच्या वर्षात तिची झोप, तिचं जेवण यांवरही लक्ष असू द्या. तुमच्यासमोर ती रडत नसेल, कारण तुम्ही कोसळाल अशी धास्ती तिला असणार.

मी साताऱ्यात राहते, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याची शेवटची दोनेक वर्षं साताऱ्यात काढली, ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसंघ इथेच सुरू केला, आणि मे 1919 मध्ये ते मुंबईत वारले. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नव्हत्या. कितीतरी वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, चिडल्या, रडल्या, आणि ख्रिस्तावर त्यांचा विश्वास बसला तो 1900 च्या सुमाराला, स्वतःच्या चालीनं. टिळकांच्या मागे त्या सतरा वर्षं जगल्या आणि नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांनी पुढे नेऊन पुरं केलं. तुम्हीही काही मोठं करून दाखवा असं मला सुचवायचं नाही. विधवा बाईनं खंबीर दिसलंच पाहिजे, हा आणखी एक जाच आहे. मला त्यांची आठवण आली ती त्या मधल्या वर्षांमुळे. देवानं त्यांना घाई केली नाही. तुम्हालाही करणार नाही.

मग आशा कशाची धरायची? तुम्ही हे सरळ विचारलं नाही, पण पत्रभर तेच आहे. मागितलेलं मिळेल ही आशा तुमची मोडली. ती पुन्हा जोडून देईन असं मी म्हणणार नाही. ख्रिस्ती आशा त्याच्या पलीकडची आहे, आणि ती एका कबरेपासून सुरू होते. ज्यांना येशूनं बरं केलं ते सगळे पुढे कधीतरी वारलेच, लाजरही दुसऱ्यांदा वारलाच. मरण टळलं, एवढ्यावर आपला विश्वास उभा असता तर तो पहिल्याच पिढीत संपला असता. मरणातून एक जण उठला आणि तो आपल्यालाही, तुमच्या मिस्टरांनाही उठवणार आहे, यावर तो उभा आहे. आणि उठलेल्या ख्रिस्ताच्या हातावर व्रण होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. झालेलं दुःख झालंच नाही असं भासवणारं पुनरुत्थान नव्हतं ते. मी हे मानते, मनापासून मानते. तुम्हाला आज मानता येत नसेल तर मी तुमच्या वाटचंही मानते.

पौल थेस्सलनीकरांना लिहितो, ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका. दुखवट्याच्या घरी हे वचन ‘रडू नका’ असं वापरलं जातं. पौल रडायला मना करत नाही. आशा असलेली माणसंही खेद करतात, हे तो धरूनच चालतो. तुम्ही रडा.

राहिली साक्ष. पाळकसाहेबांना आधीच जाऊन भेटा, एकटीनं नको, कुणाला तरी बरोबर घ्या. त्यांना म्हणा, मला विजयाची साक्ष देता येणार नाही. बहुतेक पाळकांना हे ऐकून सुटल्यासारखं वाटतं, कारण त्यांनाही प्रत्येक दफनानंतर काय बोलावं हा प्रश्न असतोच. न बोलायचं ठरवलंत तरी चालेल, प्रार्थनेला नुसतं हजर राहा. बोलावंसं वाटलं तर मिस्टरांबद्दल बोला. ते डबा कसा न्यायचे, मुलीला काय शिकवायचे, दुखण्यात कुणावर चिडले, कुणाची माफी मागितली. जे पाहिलंत तेच. मग तेरावं स्तोत्र वाचा, सहाच वचनं आहेत. शेवटचं वचन स्तुतीचं आहे. ते तुमच्या तोंडून निघत नसेल तर तिथे थांबा आणि ते मंडळीला वाचू द्या. तसं पाळकसाहेबांशी आधी ठरवून ठेवा, त्यांना हे पत्र दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

पण हे सगळं पुढच्या महिन्याचं. डॉक्टरांकडे या आठवड्यात जायचं आहे. कोणत्या दिवशी जाताय आणि बरोबर कोण येतंय, तेवढं मला दोन ओळींत कळवा.

— तुमची ताई